कुटुंबखर्चाचे आकडे आणि सरासरीची साक्ष

१

ठाणें व कल्याण या दोन जुन्या शहरांतील वाडे गेल्या तीसचाळीस वर्षांत एकामागून एक उतरविले गेले, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं रद्दीवाल्याच्या तागडीशेजारीं बसून मोडी रुमाल सोडविले आहेत त्यांस सांगावयास नको. वाडा उतरतांना तुळया व खांब विकले जातात, तांब्यापितळेचीं भांडीं भावाभावांत वाटलीं जातात, आणि माळ्यावरच्या वह्या किलोच्या भावानें जातात. सनदा, महजर, वतनपत्रें यांस मोल असतें हें आतां सामान्य माणसासही कळूं लागलें आहे. परंतु घरखर्चाच्या रोजकिर्दी, वाण्याच्या उचापतीच्या वह्या, लग्नमुंजीचे खर्डे यांस अद्यापि कोणी विचारीत नाहीं.

अशा स्थितींत कांहीं अभ्यासकांनीं या वह्यांकडे दृष्टि वळविली, आणि त्यांतील आकड्यांस वर्णनात्मक संख्याशास्त्राच्या रीति लावून पूर्वीच्या कुटुंबांचें उत्पन्न व खर्च यांचें चित्र काढण्याचा उद्योग आरंभिला, ही गोष्ट आनंदाची आहे. तथापि या उद्योगाचें जें फळ आमच्या वाचनांत येतें त्यांत एक दोष वारंवार आढळतो. शेदोनशें नोंदींची बेरीज करावयाची, तीस नोंदींच्या संख्येनें भागावयाचें, आणि येईल तो आकडा 'त्या काळच्या कुटुंबाचा खर्च' म्हणून छापून मोकळें व्हावयाचें. हाच दोष आजच्या सरकारी पाहण्या वाचणारांतही आहे. किंबहुना त्यांच्यापासूनच तो इतिहासाभ्यासकांस जडला असावा. म्हणून प्रस्तुत लेखांत मुंबई इलाख्याचे दोन जुने अहवाल, भारत सरकारची एक अलीकडील पाहणी, व शेवटीं आमच्याकडील वह्या, या तिहींचें परीक्षण एकाच कसोटीनें करण्याचें योजिलें आहे. ती कसोटी अशी कीं, आकडा हाही एक लेख आहे. लेखास जे प्रश्न आपण विचारतों, म्हणजे तो कोणी लिहिला, कोणासाठीं लिहिला, मधलीं पानें कोठें गेलीं, ते आकड्यास विचारल्यावांचून त्याची साक्ष घेऊं नये.

२

सरासरी काढण्याची रीत आपल्याकडे परकी नाहीं. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (इ. स. ११५०) खातव्यवहाराच्या प्रकरणीं ती स्पष्ट सांगितली आहे. खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी किंवा खोली ठिकठिकाणीं निरनिराळी असेल, तर ती अनेक ठिकाणीं मोजावी, मापांची बेरीज करावी, व ठिकाणांच्या संख्येनें तीस भागावें. येणाऱ्या फळास सममिति म्हणतात. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं आपल्या बुद्धिविलासिनी या टीकेंत (इ. स. १५४५) त्याचें मर्मही सांगितलें आहे: मापें जितक्या अधिक ठिकाणीं घ्यावीं तितकें फळ अधिक सूक्ष्म येतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आचार्यांस हवें होतें तें खड्ड्याचें घनफळ, म्हणजे एकूण माती किती निघाली तें. एका कोपऱ्यांतील जास्त खोली दुसऱ्या कोपऱ्यांतील कमी खोलीची भरपाई करते, कारण माती सगळी एकाच ढिगांत पडावयाची असते. अशा ठिकाणीं सममिति हें निर्दोष साधन आहे. कल्याणच्या बाजारांत वर्षाला एकंदर किती खंडी भात खपत असे, असा प्रश्न असेल तर दर घरचा सरासरी खप काढून त्यास घरांच्या संख्येनें गुणणें युक्तच होईल. परंतु 'कल्याणांतील सामान्य घर कसें राहत असे' हा प्रश्न निराळा आहे. सावकाराच्या कोठारांतील भात शेजारच्या कातकऱ्याच्या मडक्यांत आपोआप जात नाहीं. तेथें भरपाई नाहीं. म्हणून तेथें सममितीचा अधिकारही नाहीं.

उदाहरणार्थ समजा, एका आळींत पांच घरें आहेत व त्यांचा मासिक खर्च अनुक्रमें ८, ९, १०, १२ व ६१ रुपये आहे. बेरीज १००, सरासरी २०. या आळींत वीस रुपये खर्चाचें घर एकही नाहीं. चार घरें त्याच्या पुष्कळ खालीं आहेत, एक त्याच्या तिप्पट वर आहे. उलट खर्चाच्या चढत्या क्रमानें घरें मांडून मधलें घर पाहावें तर तें दहा रुपयांचें निघतें. यास संख्याशास्त्रांत मध्यक म्हणतात. श्रीमंत घराचा खर्च ६१ चा ६०० झाला तरी मध्यक दहाच राहतो, आणि सरासरी मात्र १२७ वर जाऊन बसते. पुष्कळ अभ्यासक सरासरीबरोबर प्रमाण-विचलन देऊन आपण सावधगिरी घेतली असें मानतात. वरील आळीचें प्रमाण-विचलन सुमारे साडेवीस येतें, म्हणजे सरासरीहूनही मोठें. सरासरींतून तें वजा केल्यास खर्च शून्याच्या खालीं जातो. असें घर ना ठाण्यास सांपडेल ना कल्याणास. एका बाजूस लांब शेपूट असलेल्या आकड्यांस हें माप लागू पडत नाहीं, आणि उत्पन्न व खर्च यांचे आकडे बहुधा तसेच असतात. तेथें मध्यक, त्याच्या दोहों बाजूंचे चतुर्थक, व सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा, एवढें दिलें म्हणजे वाचकास आळी दिसूं लागते.

३

आतां छापील अहवालांकडे वळूं. ठाणें-कल्याणच्या अभ्यासकास सर्वांत जवळचा जुना आधार म्हणजे मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा फिंडले शिरस यांचा अहवाल. ही चौकशी मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें १९२१-२२ सालीं केली व अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास पोंचल्यापासून या गांवांचा संसार मुंबईच्या पगारावर उत्तरोत्तर अवलंबून राहूं लागला. सबब मुंबईच्या कामगाराचा जमाखर्च आमच्याशीं असंबद्ध नाहीं.

या चौकशींत २,४७३ कुटुंबांचे व ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च घेतले होते. कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै भरलें. खर्चापैकीं अन्नाकडे शेंकडा ५६.८, जळण व दिवाबत्तीकडे ७.४, कपड्यांकडे ९.६, घरभाड्याकडे ७.७ व संकीर्ण बाबींकडे १८.५ असे भाग निघाले. अहवालाचा गुण हा कीं तो सरासरीपाशीं थांबला नाहीं. धान्याच्या बाबतींत दुष्काळी नियमांत ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतकें कामगारास मिळतें, परंतु मुंबई इलाख्याच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत कैद्यास दिलेल्या आहाराहून तें कमी भरतें, असा निर्वाळा त्यानें दिला. सरकारी कचेरीनें सरकारच्याच तुरुंगाशीं केलेली ही तुलना आहे, म्हणून तिचें मोल अधिक. तसेंच शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत असून व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के होता, हेंही त्यांत नमूद आहे. ५२ रुपये ४ आणे ६ पै या आकड्याकडे शंभर वेळां पाहिलें तरी त्यांतून हें कर्ज दिसणार नाहीं.

पुढें हा अहवाल उद्धृत करणारांनीं मात्र हें सर्व टाकून ५६.८ हा एकच आकडा उचलला. त्यांतही एक सूक्ष्म प्रश्न दडला आहे. शेंकडेवारी दोन रीतींनीं निघूं शकते. समजा, एक घर ३० रुपयांपैकीं २१ अन्नावर खर्च करतें, म्हणजे शेंकडा ७०. दुसरें १२० पैकीं ४८, म्हणजे शेंकडा ४०. दोन्ही शेंकड्यांची सरासरी ५५ येते. परंतु दोन्ही घरांचे रुपये आधीं एकत्र केले तर १५० पैकीं ६९, म्हणजे शेंकडा ४६. दुसऱ्या रीतींत जास्त खर्च करणाऱ्या घराचें मत जास्त मोजलें जातें. दोन्ही रीति आपापल्या जागीं योग्य आहेत. परंतु कोणती वापरली हें न सांगतां दोन अहवालांची तुलना करणें म्हणजे दोन निरनिराळ्या कुलांतील पोथ्यांचे पाठ एकाच स्तंभांत लिहिण्यासारखें आहे.

दुसरी चौकशी १९३२-३३ सालीं झाली व तिचा अहवाल १९३५ सालीं निघाला. तींत अन्नाचा भाग सुमारे ४७ पर्यंत उतरला व भाड्याचा सुमारे १३ पर्यंत चढला. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनीं १८५७ सालीं मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: उत्पन्न वाढतें तसा अन्नावरील खर्चाचा शेंकडा उतरतो. हा नियम हातीं धरून कोणीही म्हणेल कीं दहा वर्षांत मुंबईचा कामगार सधन झाला. परंतु मधल्या काळांत जगव्यापी मंदी येऊन धान्याचे भाव कोसळले होते. धान्य स्वस्त झालें कीं तेंच पोट कमी पैशांत भरतें, आणि उरलेले पैसे खोलीचा मालक घेतो. तेव्हां अन्नाचा शेंकडा उतरणें हें नेहमींच सुबत्तेचें लक्षण मानतां येत नाहीं. भाव ठाऊक नसतां केवळ शेंकडेवारीवरून निष्कर्ष काढणारा अभ्यासक संदर्भावांचून श्लोकाचा अर्थ लावूं पाहतो.

खेड्यांच्या बाबतींत याच काळांत अधिक चांगला मार्ग डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं दाखविला होता. पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची त्यांची पाहणी १९१७ सालीं व, ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेली, जातेगांव बुद्रुकची १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांनीं गांवाच्या कुटुंबांचे तीन वर्ग केले: केवळ शेतीवर ज्यांचें भागतें तीं, शेतीस मजुरीची जोड दिल्यावर भागतें तीं, आणि दोन्ही मिळूनही भागत नाहीं तीं. 'सरासरी शेतकरी' या कल्पित पुरुषाच्या मागें न लागतां 'भागतें कोणाचें' हा प्रश्न त्यांनीं विचारला. शंभर वर्षें लोटलीं तरी तो प्रश्न शिळा झालेला नाहीं.

४

स्वातंत्र्योत्तर काळीं हें काम राष्ट्रीय नमुना पाहणीकडे आलें. १९५० सालीं प्रा. महालनोबिस यांच्या प्रेरणेनें ती सुरू झाली. तिच्या कुटुंब-उपभोगखर्चाच्या मालिकेंत एक मोठें खिंडार आहे. २०११-१२ च्या पाहणीनंतर २०१७-१८ सालीं पाहणी झाली, परंतु आकड्यांच्या गुणवत्तेचें कारण देऊन सरकारनें २०१९ च्या नोव्हेंबरांत तिचा निकाल प्रसिद्ध न करण्याचें ठरविलें. त्यानंतरची पाहणी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळांत झाली. तिच्यांत विचारण्याची पद्धतिही पालटली: एकाच भेटींत सर्व विचारण्याऐवजीं तीन प्रश्नपत्रिका करून तीन महिन्यांत तीन भेटी दिल्या गेल्या. शहरी भागांत दरडोई दरमहा खर्च २०११-१२ सालीं २,६३० रुपये व २०२२-२३ सालीं ६,४५९ रुपये, हे दोन आकडे शेजारीं ठेवून वाढीचें गणित मांडणारांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत: मधली प्रत गहाळ आहे व दुसरी प्रत निराळ्या लेखनिकानें निराळ्या रीतीनें लिहिली आहे, आणि रुपयाचेंही मोल तेवढ्या अवधींत पुष्कळ उतरलें आहे.

तथापि अहवाल चांगला आहे, कारण त्यांतच सरासरीवर उपाय दिला आहे. शहरी लोकांस खर्चाच्या चढत्या क्रमानें मांडून त्यांचे बारा वर्ग केले आहेत. २०२२-२३ सालीं सर्वांत खालच्या ५ टक्क्यांचा दरडोई दरमहा खर्च २,००१ रुपये व त्यावरच्या ५ टक्क्यांचा २,६०७. पुढें दहादहा टक्क्यांचे वर्ग अनुक्रमें ३,१५७, ३,७६२, ४,३४८, ४,९६३, ५,६६२, ६,५२४, ७,६७३ व ९,५८२. नंतरच्या ५ टक्क्यांचा १२,३९९ आणि सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. वाचकांनीं पाटी-पेन्सिल घेऊन आपल्या हातानें पुढील गोष्टी पडताळून पाहाव्या.

पहिली. पन्नासाव्या टक्क्याची रेघ ४,९६३ व ५,६६२ यांच्या मधें कोठें तरी पडते. म्हणजे मध्यक त्या दोहोंच्या मधें आहे. सरासरी ६,४५९ मात्र तेथून वर चढून सातव्या दशमकांत गेली आहे. अर्थात् शंभरांत साठांहून अधिक माणसें सरासरीच्या खालीं असावींत. दुसरी. वरचीं पांच माणसें बाजूस ठेविलीं तर उरलेल्या पंचाण्णवांची सरासरी सुमारे ५,७०३ होते. पांचांनीं मिळून शंभरांच्या सरासरीवर साडेसातशेंहून अधिक रुपये चढविले. तिसरी. खालच्या पन्नासांनीं मिळून केलेला खर्च एकूण खर्चाच्या शेंकडा २९ हून किंचित् कमी भरतो, आणि वरच्या पांचांचा एकट्यांचा १६. एवढें सर्व एका कोष्टकांत असतां वृत्तपत्रांनीं व व्याख्यात्यांनीं ६,४५९ हाच आकडा उचलावा, हें कोष्टकाचें दुर्दैव.

महाराष्ट्राच्या शहरी भागाचा २०२२-२३ चा आकडा ६,६५७ होता. तोच डोंबिवलीकराचा खर्च म्हणून सांगितलेला आम्हीं ऐकला आहे. येथें संस्कृतज्ञांस स्थालीपुलाकन्याय आठवेल: एक शीत चेपून भात शिजला कीं नाहीं तें कळतें. न्याय खरा आहे, पण भांडें एक व आंच सारखी असेल तेव्हांच. महाराष्ट्राच्या शहरी भागांत मुंबईही येते आणि तालुक्याचें लहानसें गांवही येतें. जिल्हा हा घटक घेतला तरी अडचण सुटत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्या एका ओळींत घोडबंदर रस्त्यावरील सदनिका व मोखाड्याचे पाडे एकत्र नांदत होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हां मोखाडें त्या ओळींतून निघालें. परंतु मुरबाड, शहापूर आणि ठाणें-डोंबिवली अजून एकाच ओळींत आहेत. अशा जिल्ह्याची सरासरी चढली कीं कोणाचें काय चढलें, हें त्या आकड्यास विचारून उपयोग नाहीं. जानेवारी २०२५ पासून पाहणीच्या रचनेंत जिल्हा हा मूळ घटक धरण्यांत येऊं लागला आहे, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र तिचें फळ वाचतांना हा भेद विसरूं नये.

आणखी एक मुद्दा डोंबिवलीस विशेष लागू पडतो. या पाहणींत उपभोगखर्च मोजतात. घर विकत घेण्याचा खर्च त्यांत धरीत नाहींत, आणि स्वतःच्या घराचें कल्पित भाडेंही दरडोई खर्चांत मिळवीत नाहींत. समजा, एकाच जिन्यावर दोन शेजारी राहतात. एक दरमहा पंधरा हजार भाडें देतो, दुसरा घरकर्जाचा पंधरा हजारांचा हप्ता फेडतो. पाहणींत पहिल्याचे पंधरा हजार खर्चांत येतात, दुसऱ्याचे येत नाहींत. दोघांच्याही स्वयंपाकघरांत महिनाअखेरीस ओढाताण सारखीच असते. कागदावर मात्र हप्तेवाला काटकसरी व भाडेकरी सढळ हाताचा दिसतो. ज्या गांवाच्या दोन पिढ्यांनीं आपली कमाई विटासिमेंटांत घातली, त्या गांवाचा जमाखर्च वाचतांना ही व्याख्या आधीं वाचावी लागते. व्याख्या न वाचतां आकडा वाचणें म्हणजे परिभाषा न पाहतां सूत्राचा अर्थ करणें.

५

आतां आमच्या वह्यांकडे. येथें प्रथम स्वतःचा प्रमाद सांगणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं कल्याणांतील एका घरच्या कांहीं वह्या आमच्या हातीं आल्या. अक्षर वळणदार, शिल्लक पैपर्यंत जुळलेली. आम्हीं त्यांतील खर्चाची सरासरी काढली, अन्न, वस्त्र, धर्मकृत्य, लग्नकार्य असे शेंकडे पाडले, आणि एका सभेंत 'जुन्या कल्याणच्या सामान्य कुटुंबाचा संसार' या नांवाखालीं ते वाचून दाखविले. सभा संपल्यावर एक वृद्ध बाई पुढें आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरीं वहीच नव्हती. लिहून ठेवण्याजोगें उरत होतें कुठें?" त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं परत येतांना ध्यानांत आलें कीं, ज्या घरांत अक्षरओळख होती, हिशेब ठेवण्याइतका पैसा होता, वही ठेवावयास माळा होता, आणि तो माळा तीन पिढ्या शाबूत राहिला, त्याच घराची वही आमच्यापर्यंत आली. आमचें 'सामान्य कुटुंब' चार चाळण्यांतून गळून उरलेलें होतें.

हा दोष कोणत्याही गणितानें निघणारा नाहीं. हजार वह्या मिळाल्या तरी त्या सर्व माळा असलेल्या घरांच्याच असतील. गणेश दैवज्ञांनीं मापें अधिक ठिकाणीं घ्यावीं म्हणून सांगितलें; खड्ड्याच्या एकाच कोपऱ्यांत हजार वेळां दोरी सोडावी असें सांगितलें नाहीं.

वहीच्या आंतही खाचखळगे पुष्कळ आहेत. त्यांपैकीं मुख्य तेवढे नोंदवितों.

कुटुंब म्हणजे काय, हें आधीं ठरवावें. राष्ट्रीय पाहणींत एकत्र राहणारीं व एका चुलीवर जेवणारीं माणसें मिळून एक कुटुंब धरतात. जुन्या वहींत खर्च एका नांवावर असतो, पण वाड्यांत चुली दोन असतात. उलट मुंबईस खोली करून राहिलेला मुलगा दुसऱ्या चुलीवर जेवतो, पण त्याचें मनिऑर्डरीचें जमा याच वहींत पडतें. माणसें न मोजतां खर्च मोजला तर दरडोई कांहींच काढतां येत नाहीं.

कालगणना पाहावी. अधिक मास आला कीं त्या वर्षास तेरा महिने होतात. वर्षाच्या खर्चास बारांनीं भागणारा अभ्यासक त्या वर्षीं मासिक खर्च शेंकडा आठाहून अधिक फुगवितो, आणि मग त्या वर्षीं महागाई होती असा शोध लावतो.

नाणें पाहावें. पेशवाईंतील वहींत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये येतात व त्यांचा बट्टा निराळा असतो. १ एप्रिल १९५७ पूर्वींचे आणे-पै दशमान बिंदूनें लिहिणारेही आम्हीं पाहिले आहेत. ५२ रुपये ४ आणे ६ पै म्हणजे ५२.४६ नव्हेत, ५२.२८ आहेत.

एकरकमी खर्च वेगळे काढावे. मुलीच्या लग्नाचें वर्ष पांच वर्षांच्या सरासरींत मिसळलें कीं उरलेलीं चार वर्षें खोटीं श्रीमंत दिसूं लागतात. अशा ठिकाणीं नेहमींचा मासिक खर्च मध्यकानें द्यावा आणि लग्नाचा आंकडा तिथीसह निराळा छापावा. तो लपविण्याजोगा नाहीं, मिसळण्याजोगाही नाहीं.

सर्वांत महत्त्वाचें, खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे. ज्या महिन्यांत खर्च मोठा दिसतो त्याच महिन्यांत जमेच्या बाजूस गहाणखताची रक्कम आहे कीं काय तें पाहावें. १९२३ च्या अहवालांतील शेंकडा ४७ कुटुंबें विसरूं नयेत. आमच्या त्या व्याख्यानांतील वह्यांतही एका सालीं जमेस सावकाराचें नांव होतें. आम्हीं तें पाहिलें होतें, परंतु खर्चाच्या कोष्टकांत त्यास जागा नव्हती म्हणून सोडून दिलें होतें.

६

या टीकेचा अर्थ वह्यांचें गणित करूं नये असा कोणी घेऊं नये. गणित केल्यावांचून वहीचें तोंड उघडत नाहीं, हा आमचाही अनुभव आहे. कोठल्या महिन्यांत तांदूळ रोखीनें घेतला व कोठल्या महिन्यांत उचापतीवर. रॉकेल प्रथम कधीं आलें आणि तेल्याचें नांव वहींतून कधीं गेलें. भाड्याचा वाटा वाढत असतां दुधाचा कमी झाला कीं काय. हें नोंदी एकेक वाचून दिसत नाहीं, कोष्टक मांडल्यावरच दिसतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं पाठसंपादनांत जी शिस्त आपण स्वीकारली आहे ती येथेंही स्वीकारावी. प्रत कोठून आली, किती पानें आहेत, कोणते महिने गहाळ आहेत हें आरंभीं लिहावें. घरांतील माणसें व चुली सांगाव्या. सरासरी द्यावयाची तर तिच्या शेजारीं मध्यक, चतुर्थक व टोकांचे आकडे द्यावे. आणि ज्या घरांत वही नव्हती त्यांची जागा कोष्टकांत रिकामी सोडून ती रिकामी आहे असें छापावें. गहाळ पानाची जागा आपण कंसांत दाखवितों. गहाळ घरें दाखविण्यास संकोच कां व्हावा?

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. ठाणें, कल्याण, डोंबिवली या गांवीं अजूनही कित्येक घरांत सासूबाईंच्या हातची खर्चाची वही, दूधवाल्याचें कार्ड, किराण्याच्या चिठ्ठ्यांचा जुडगा, चाळीच्या भाड्याच्या पावत्या पडून आहेत. पुढील पिढीचा खर्च दूरध्वनीवरून परस्पर होतो. त्याची वही कोणाच्याही माळ्यावर पडणार नाहीं. तेव्हां जें आहे तें आतांच घ्यावें, आणि घेतांना केवळ देखणें अक्षर पाहून घेऊं नये. पेन्सिलीनें खरडलेली, मधेंच सोडून दिलेली, शिल्लक न जुळलेली वही हातीं आली तर ती आधीं घ्यावी. ज्या घरची शिल्लक जुळत नव्हती त्या घराची साक्ष आमच्या दप्तरांत फार थोडी आहे.